सावकाश फिरलं पाहिजे: वाफेच्या छोट्या इंजिनाविषयी वाचकांचे प्रश्न

वाफेच्या इंजिनाचं चालतं मॉडेल घरी करता येतं, असं मागच्या अंकात लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही. ज्यांत बऱ्याच जणांची अडचण सापडते, असे प्रश्न निवडले आहेत. मी नोकरीभर आयटीआयमध्ये टर्नर आणि मशिनिस्टची मुलं शिकवली. त्यामुळे इंजिन किती जोरात पळतं हे मी बघत नाही, किती सावकाश फिरतं ते बघतो. मिनिटाला हजार फेरे कुठलंही ढिलं इंजिन मारेल. पन्नास-साठ फेऱ्यांवर न अडखळता फिरायचं तर प्रत्येक माप जागेवर लागतं. पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीकडे येतात.

प्रश्न : माझ्याकडे कानस, शेगडा आणि साधं ड्रिल मशीन आहे, लेथ नाही. पहिलं इंजिन कोणतं करावं? बिडाचे ओतीव भाग कुठे मिळतील? (इचलकरंजीहून एक वाचक)

पहिलं इंजिन हलत्या सिलिंडरचं करा. त्यात सिलिंडर स्वतःच एका खिळीवर झुलतो आणि झुलताना त्याचं भोक पाठीमागच्या पट्टीतल्या दोन भोकांसमोर आळीपाळीने येतं : एकातून वाफ आत, दुसऱ्यातून बाहेर. वेगळा व्हॉल्व्ह नाही, एक्सेंट्रिक (आसावर मध्य सोडून बसवलेली, व्हॉल्व्ह हलवणारी चकती) नाही, ओतकामही लागत नाही. पितळेचा गज, पितळेची पट्टी आणि एक चाक एवढ्यावर काम होतं. सिलिंडर आणि चाक टर्न करायला तुम्ही राहता तिथून कोल्हापूरचं उद्यमनगर काही लांब नाही. नीट ड्रॉइंग घेऊन जा. मापं तोंडी सांगितलीत तर जॉब तोंडीच मापाचा मिळेल.

बाकी सगळं तुमच्या हातात आहे, आणि खरं कामही तेच आहे. पट्टीतली दोन भोकं खिळीपासून नेमक्या समान अंतरावर हवीत. क्रँक (पिस्टनच्या ढकलण्याने चाक फिरवणारा हात) वरच्या किंवा खालच्या टोकाला असताना सिलिंडरचं भोक त्या दोघांच्या मधोमध, कोऱ्या जागेवर आलं पाहिजे. तिथे ते दोन्हीकडे थोडं जरी उघडं राहिलं, तर वाफ पिस्टनला न ढकलता सरळ बाहेर जाते. नुसत्या फुसफुसणाऱ्या इंजिनात बहुतेक वेळा हाच दोष निघतो. नंतर सिलिंडरची सपाट बाजू जाड काचेवर 600 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून घासा. आधी तिच्यावर मार्करने रेघा ओढून घ्या. चार-सहा हात फिरवून उलटून बघा. जिथे रेघ उरली तो खोलगट भाग. सगळ्या रेघा एकदम जाईपर्यंत थांबायचं नाही.

बिडाचं ओतकाम दुसऱ्या इंजिनाला ठेवा. त्यासाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा घ्यायचा नमुना, लागतो. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा, आणि जिथे टर्निंग आहे तिथे दोन-तीन मिलिमीटर जादा ठेवायचं. लहान फाउंड्रीत स्वतः जाऊन विचारा. त्यांच्या ओतण्याच्या दिवशी कोपऱ्यात तुमचाही साचा बसू शकतो. ओतीव भागाची वरची कातडी कडक असते आणि तिच्यात रेती अडकलेली असते. पहिलाच कट त्या कातडीच्या खाली घ्या. वरवर खरवडत बसलात तर टूलची धार तिथेच जाते.

प्रश्न : इथे इंग्लंडमध्ये स्टुअर्ट 10 व्ही या इंजिनाचा संच घेतला आणि वर्षभर रविवारी बसून पूर्ण केला. हवेवर चालतं, पण एका धक्क्याला जोर करतं आणि दुसऱ्याला मरगळतं. वेग कमी केला की बंद पडतं. (लेस्टरहून एक मराठी वाचक)

छान इंजिन निवडलंत. पाऊण इंच बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), पाऊण इंच स्ट्रोक (पिस्टनची धाव), तीन इंचांचं चाक. स्टुअर्ट टर्नर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू केलेल्या कंपनीचं हे इंजिन. कित्येकांनी आपलं पहिलं उभं इंजिन म्हणून हेच केलं आहे. तुमचं वर्णन वाचून मला खात्री आहे की सिलिंडरमध्ये दोष नाही. स्लाइड व्हॉल्व्ह (सिलिंडरच्या दोन टोकांना आळीपाळीने वाफ सोडणारी सरकती झडप) मधोमध बसलेला नाही.

स्टीम चेस्टचं, म्हणजे व्हॉल्व्ह ज्या पेटीत असतो तिचं, झाकण काढा आणि चाक हाताने, अगदी हळू, पूर्ण फेरा फिरवा. व्हॉल्व्ह वर-खाली सरकताना वरचं पोर्ट (सिलिंडरमध्ये जाणारी वाट) जास्तीत जास्त किती उघडतं आणि खालचं किती, ते बघा. तुमच्या इंजिनात ही दोन उघडी तोंडं सारखी नसणार. व्हॉल्व्हचं स्पिंडल (दांडा) ज्या नटात बसतं तिथे फिरवून निम्मा फरक काढा. पूर्ण फरक काढलात तर दोष दुसऱ्या बाजूला जाईल. दोन्हीकडे सारखं दिसेपर्यंत हेच करत राहा. तोवर एक्सेंट्रिकला हात लावू नका.

मग एक्सेंट्रिक. क्रँक बरोबर वरच्या टोकाला आणा, एक्सेंट्रिकचा स्क्रू ढिला करा आणि इंजिन ज्या दिशेने फिरवायचं त्याच दिशेने एक्सेंट्रिक सरकवत जा. वरच्या पोर्टला केसाएवढी फट दिसली की थांबा आणि स्क्रू आवळा. एक्सेंट्रिक आता क्रँकच्या पुढे नव्वद अंशांपेक्षा थोडं जास्त असेल; ते तसंच असायला हवं. क्रँक खालच्या टोकाला नेऊन खालच्या पोर्टलाही तेवढीच फट दिसते का बघा. दिसली तर झालं. नाही दिसली तर पहिली पायरी नीट झालेली नाही, परत तिथे जा. आधी लांबी, मग कोन. हा क्रम मी मुलांना फळ्यावर लिहून ठेवायला लावायचो, कारण उलटा केला की दिवसभर गोल गोल फिरत राहतो आणि हाती काही लागत नाही.

आणखी एक गोष्ट तपासा. व्हॉल्व्ह नटावर किंचित मोकळा हलला पाहिजे, म्हणजे हवेचा किंवा वाफेचा दाब त्याला पाठीमागून स्वतःच फेसवर (तो ज्या सपाट बाजूवर सरकतो तिच्यावर) बसवतो. घट्ट बसवला असेल तर तो फेसपासून उचललेला राहतो आणि कमी वेगावर गळतो. वेग कमी केल्यावर बंद पडायचं हेही एक कारण असतं. ग्लँडचा (दांड्याभोवतीची गळती रोखणाऱ्या भरावाचा) नट बोटानेच आवळा, पाना लावू नका.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. इंजिन त्याने जवळजवळ तयार केलं आहे. आता घरातल्या जुन्या कुकरच्या झाकणाला नळी बसवून त्याचा बॉयलर करायचा म्हणतो. करू द्यावं का? (सोलापूरहून एक आई)

ताई, नाही. आज रात्री त्याच्याजवळ बसून हे उत्तर त्याला वाचून दाखवा, कारण नुसतं नाही म्हटलं तर तो तुम्ही घरी नसताना करेल.

कुकरची शिट्टी साधारण एक किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाबाला उचलते आणि त्या दाबाला आतलं पाणी 120 अंशांच्या आसपास असतं. समजा आत तीन लिटर पाणी आहे आणि झाकण उडालं. ते पाणी त्याच क्षणी शंभर अंशांवर येतं आणि वरची सगळी उष्णता वाफ होण्यात जाते. हिशेब केला तर शंभर ग्रॅमहून थोडं जास्त पाणी वाफ बनतं आणि त्याची जागा जवळपास 190 लिटर होते. तीन लिटरच्या जागेतून एवढी वाफ एकदम बाहेर पडते आणि उरलेलं उकळतं पाणी सोबत फेकते. शिवाय झाकणाला भोक पाडलं की त्याची मजबुती गेली, आत पाणी किती उरलं ते दिसायला काच नाही, आणि इंजिन चालेना म्हणून पोरगं शिट्टीवर वजन वाढवणार. हे तिसरं सगळ्यात वाईट.

मुलाचा उत्साह मात्र मोडू नका. इंजिन आधी हवेवर चालवू द्या. सायकलचा पायपंप किंवा टायरवाल्याचा कॉम्प्रेसर, दाब एक किलोपर्यंत. सावकाश फिरेपर्यंत त्याला त्यातच गुंतवा. त्यात काही महिने सहज जातात आणि शिकणंही तिथेच होतं.

नंतर बॉयलर करायचा तर तांब्याचा, लहान, आणि जाणत्या माणसाबरोबर. 75 मिलिमीटर व्यासाची नळी, चार किलो दाब आणि आठपट सुरक्षितता धरली, तर हिशेबाने भिंत 0.6 मिलिमीटरही पुरते. आपण 1.6 मिलिमीटर जाडी घेतो, कारण ब्रेझिंग (चांदीमिश्रित रॉड वितळवून सांधे जोडणं) करताना तांबं नरम पडतं. नळ्या बसवायचे बुश (आटे पाडलेल्या कड्या) गनमेटलचे, म्हणजे मुख्यतः तांबं-कथिलाच्या मिश्रणाचे, हवेत. पितळेचे चालत नाहीत : गरम पाण्यात वर्षानुवर्षं राहिलं की पितळेतलं जस्त निघून जातं आणि आटे चुरा होतात. बॉयलर तयार झाला की काठोकाठ पाण्याने भरून, आत हवेचा बुडबुडा न ठेवता, हातपंपाने कामाच्या दाबाच्या दुप्पट दाब द्यायचा आणि दाबमापकाचा काटा हलतो का ते बघायचं. चाचणी पाण्यानेच, हवेने कधीच नाही. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तर नुसता पाझर येतो; दाबलेली हवा मात्र बॉयलर फाडते. 25 लिटरपेक्षा लहान बॉयलरला आपल्या कायद्यात नोंदणी लागत नाही. कायदा सूट देतो म्हणून वाफ सूट देत नाही, हे त्याला समजावा.

आणि त्याला मोठा बॉयलर लागतही नाही. 19 मिलिमीटर बोअर आणि तेवढाच स्ट्रोक असलेलं दुहेरी धक्क्याचं (पिस्टनला दोन्ही बाजूंनी वाफ ढकलते असं) इंजिन दोन किलो दाबावर 300 फेरे फिरलं, तर मिनिटाला साडेपाच ग्रॅम पाण्याची वाफ पितं. थंड सिलिंडरमध्ये विरून जाणारी धरली तर दुप्पट. पाव लिटर पाण्यावर पंधरा मिनिटं चालेल आणि तरी तळाला पाणी शिल्लक राहील.

प्रश्न : तांब्याच्या बॉयलरचे सांधे जोडायला सोनाराकडून टाकणखार आणला, सिल्व्हर ब्रेझिंग रॉडही चांगला घेतला. रॉड वितळतो, पण गोळी होऊन बसतो, सांध्यात शिरत नाही. (पुण्याहून एक वाचक)

दोष टाकणखाराचा. तो वितळायलाच 740 अंशांच्या वर जावं लागतं, आणि तुमचा 55 टक्के चांदीचा रॉड 630 ते 660 अंशांना वितळून मोकळा. फ्लक्स (सांधा स्वच्छ ठेवणारा पदार्थ, इथे टाकणखार) जागा व्हायच्या आधीच रॉड वाहून जातो. त्या तापमानाचा फ्लोराइडवाला फ्लक्स घ्या आणि खिडकी उघडी ठेवून काम करा, त्याचा धूर वाईट. ज्वाला रॉडवर नको, तांब्यावर धरा. तांबं उष्णता झपाट्याने पसरवतं, म्हणून लहान टॉर्चने बॉयलर होत नाही. भोवती उष्णतारोधक विटा रचा. झाल्यावर सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवा, काळा थर सुटतो. बॉयलरच्या दोन्ही टोकांच्या चकत्या ठोकून वळवायच्या असतील तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत जाऊन थोडा वेळ बघत उभे राहा. तांबं लालसर तापवायचं, पाण्यात बुडवायचं, मऊ झालं की ठोकायचं, कडक झालं की परत तापवायचं.

प्रश्न : इंजिन उत्तम चालतं, पण रंग दिल्यावर खेळण्यातलं वाटतं. शिवाय रंगावर पांढुरकी झाक आली आहे. (चिपळूणहून एक वाचक)

पांढरी झाक पावसाळी हवेची. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगातला थिनर उडताना पृष्ठभाग गार करतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. कोकणात जून ते सप्टेंबर तो रंग वापरूच नका, किंवा एनॅमल वापरा आणि सुकायला भरपूर वेळ द्या.

खेळण्यासारखं दिसण्याची कारणं रंगाच्या आधीची आहेत. ओतीव भागांवर साच्याच्या जोडाची रेघ राहिली असेल तर ती कानशीने पूर्ण घालवा. खड्डे पुट्टीने भरा, घासा, परत भरा. रंगाआधी सगळं सुटं करून थिनरने पुसा आणि नंतर उघड्या बोटाने हात लावू नका. पितळ-तांब्यावर एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला धरून बसणारा पहिला थर, हवाच, नाहीतर वाफेच्या उष्णतेने पापुद्रे निघतात. रंग पातळ थरांत द्या आणि चकाकी मध्यम ठेवा. मोठ्या यंत्रावर शोभणारी काचेसारखी चकाकी लहान भागावर रंगाची जाडी दाखवते.

आता बोल्ट बघा. एम3 चा बाजारी नट 5.5 मिलिमीटरचा असतो. तुमचं मॉडेल एक दशांश मापाचं असेल, तर खऱ्या इंजिनावर तो 55 मिलिमीटरचा, म्हणजे एम36 चा नट झाला. सिलिंडरच्या झाकणावर असे नट पाहिले की डोळा लगेच ओळखतो. स्टड (बिनडोक्याचे, दोन्हीकडे आटे असलेले बोल्ट) करा आणि वर एम2.5 किंवा एम2 चे नट लावा, शक्य तिथे ॲलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेले) टाळा. सिलिंडरभोवती दोन मिलिमीटर जाडीच्या सागवानी पट्ट्या बसवून पितळी पट्ट्यांनी आवळा. हे सजावटीसाठी नाही. सिलिंडर गरम राहतो, वाफ कमी विरते आणि इंजिन सावकाश फिरू लागतं.

प्रश्न : चालवून झाल्यावर इंजिन तसंच कपाटात ठेवलं तर चालेल का? (नागपूरहून एक वाचक)

नाही. बिडाच्या सिलिंडरला रात्रीत गंज धरतो. बॉयलर कोमट असतानाच रिकामा करा. इंजिन गरम असतानाच ड्रेन कॉक उघडून पाणी काढा, स्टीम चेस्टमध्ये स्टीम ऑइलचे दोन-तीन थेंब टाका आणि चाक हाताने दोन्ही दिशांना फिरवून तेल वरपर्यंत पोहोचवा. पिस्टन मधोमध ठेवून झाका.