प्रिंटर सोमवारीच ‘ऑफलाइन’ का जातो?

प्रश्न : ताई, नमस्कार. आमची विट्यातली छोटी पतसंस्था. पाच कॉम्प्युटर आणि वायफायवरचा एक लेझर प्रिंटर. शनिवारी संध्याकाळी सगळं नीट बंद करून जातो आणि सोमवारी सकाळी ठेवपावती छापायला घेतली की ‘प्रिंटर ऑफलाइन’. बराच वेळ लाइट गेली की मधल्या वारीही तेच. दुरुस्तीवाला मुलगा येतो, ड्रायव्हर काढतो, परत टाकतो, पाचशे रुपये घेतो. काही दिवस चालतं, मग पुन्हा पहिले पाढे. पासबुक प्रिंटर एवढा जुना, पण तो कधी कुरकुर करत नाही. साहेब म्हणतात, नवा घेऊन टाकू. घ्यावा का?
— लिपिक, विटा

उत्तर : नका घेऊ. नव्यावरही सोमवारी हेच होईल. आणि त्या ड्रायव्हरला आता सुखानं जगू द्या, त्याचा यात काही दोष नाही.

तुमचा पासबुक प्रिंटर केबलनं एकाच कॉम्प्युटरला बांधलेला आहे, त्याला पत्ता लागतच नाही. लेझर प्रिंटर वायफायवर आहे, म्हणजे त्याला राउटरकडून पत्ता घ्यावा लागतो. हा आयपी ॲड्रेस, १९२.१६८.१.१०४ असा काहीतरी. राउटर तो कायमचा देत नाही, मुदतीवर देतो. काही राउटरमध्ये ही मुदत दोन तासांची असते, काहींत एक दिवसाची. तुमच्या काउंटरवरच्या टोकनसारखंच समजा. शनिवारी प्रिंटर बंद झाला, रविवारी मुदत संपली आणि सोमवारी सकाळी तुम्हा सगळ्यांचे मोबाइल वायफायला लागले. १०४ नंबर कुणाच्या तरी मोबाइलला गेला. प्रिंटर चालू झाल्यावर त्याला ११२ मिळाला. कॉम्प्युटर मात्र अजून १०४ लाच हाका मारतोय, आणि तिथून उत्तर येत नाही म्हणून ‘ऑफलाइन’ लिहितोय. ड्रायव्हर पुन्हा टाकताना कॉम्प्युटर प्रिंटरला नव्यानं शोधतो, ११२ टिपून घेतो आणि पुढची अदलाबदल होईपर्यंत काम चालतं. पाचशे रुपये त्या शोधाशोधीचे.

तेव्हा प्रिंटरला टोकन नको, खाते क्रमांक द्या. तो राउटरमध्ये द्यायचा, आणि हे तुम्ही स्वतः करू शकता.

आधी प्रिंटरकडून त्याच्या नेटवर्कची माहिती छापून घ्या. स्क्रीन असेल तर मेनूत ‘रिपोर्ट्स’खाली ‘कॉन्फिगरेशन पेज’ किंवा ‘नेटवर्क रिपोर्ट’ मिळेल. स्क्रीन नसेल तर कुठलं बटण किती वेळ दाबायचं ते कंपनीगणिक वेगळं, माहितीपुस्तिका बघा. या पानावर तुमच्या कामाच्या तीन गोष्टी आहेत : आयपी ॲड्रेस, गेटवे (हा तुमच्या राउटरचा पत्ता) आणि मॅक ॲड्रेस. मॅक ॲड्रेस म्हणजे बारा अक्षरं-आकड्यांची ओळ. ती कारखान्यातच पडते आणि बदलत नाही. एक सांभाळा : केबलचा मॅक ॲड्रेस वेगळा, वायफायचा वेगळा. तुमचा प्रिंटर वायफायवर आहे, तर वायफायचाच घ्या. इथं चुकलं की सगळं बरोबर करूनही काही होत नाही आणि माणूस वैतागतो.

त्या पानावर आयपी ॲड्रेस १६९.२५४ नं सुरू होत असेल तर पुढं जाऊच नका. त्याचा अर्थ प्रिंटरला राउटर सापडलाच नाही आणि त्यानं आपल्या मनानं पत्ता घेतला. आधी वायफायचा पासवर्ड तपासा. मध्यंतरी कुणीतरी तो बदललेला असतो आणि प्रिंटरला सांगायचं राहिलेलं असतं.

आता ऑफिसच्याच एका कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडून गेटवेचा आकडा वरच्या पट्टीत टाका. (इथं आकडे मराठीत छापलेत, टाकताना इंग्रजीतच टाका.) राउटरचं पान उघडेल. लॉगिन बहुधा राउटरच्या पोटाशी चिकटवलेल्या लेबलवर असतं, नसेल तर इंटरनेटवाल्याला फोन करून घ्या. आत ‘डीएचसीपी’ नावाच्या भागात ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक लीज’ असं काहीतरी असेल. तिथं प्रिंटरचा मॅक ॲड्रेस आणि त्याला द्यायचा आयपी ॲड्रेस लिहून सेव्ह करा. मग प्रिंटर बंद करून चालू करा आणि तेच पान पुन्हा छापा. नवा आकडा दिसला की राउटरचं काम झालं.

काही राउटरमध्ये ही सोय नसते किंवा इंटरनेटवाला लॉगिन देत नाही. मग प्रिंटरच्याच मेनूत जाऊन पत्ता ‘मॅन्युअल’ करायचा. त्यासाठी राउटर कुठून कुठपर्यंतचे नंबर वाटतो ते माहीत हवं. तो १०० ते १९९ वाटत असेल तर प्रिंटरला १९२.१६८.१.५० द्या. वाटपातलाच नंबर हातानं दिला तर एक दिवस तोच नंबर दुसऱ्या कुणालातरी मिळतो आणि दोघंही अडकतात. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, आणि गेटवे छापील पानावरचाच. डीएनएसची (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणाऱ्याची) जागा रिकामी सोडू नका, तिथंही गेटवेचाच आकडा चालतो. छपाईला तो लागत नाही म्हणून सगळे सोडतात. तो कुठं नडतो ते खालच्या डोंबिवलीच्या पत्रात बघा.

उरलं कॉम्प्युटरचं काम. पाचही कॉम्प्युटरवर करायचं, पण एकदाच. विंडोजमध्ये ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मधून तुमच्या प्रिंटरच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये जा आणि ‘पोर्ट्स’ उघडा. टिक केलेल्या ओळीत बहुतेक ‘डब्ल्यूएसडी’ लिहिलेलं असेल. विंडोज प्रिंटर आपोआप शोधतं तेव्हा ही जोडणी करून ठेवतं, आणि माझा तिच्यावर काडीचा विश्वास नाही. ‘ॲड पोर्ट’ दाबा, ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडा, ‘न्यू पोर्ट’ म्हणा आणि प्रिंटरचा नवा आकडा टाका. ड्रायव्हरला हात लावायचा नाही. एवढं करूनही एखादा कॉम्प्युटर ‘ऑफलाइन’च म्हणत असेल आणि प्रिंटर समोर जागा दिसत असेल, तर तिथंच ‘कॉन्फिगर पोर्ट’मध्ये ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ची टिक काढा. विंडोज त्या मार्गानं प्रिंटरची खुशाली विचारतं, उत्तर आलं नाही की प्रिंटर गेला असं धरून चालतं. छपाई त्या मार्गानं होत नाही, ती ९१०० नंबरच्या पोर्टवरून होते. म्हणून टिक काढल्यानं काही बिघडत नाही, फक्त शाई-कागदाची स्थिती कॉम्प्युटरवर दिसायची बंद होते.

नवा आकडा प्रिंटरच्या अंगावर मार्करनं लिहून ठेवा. त्या मुलाला पुन्हा बोलवावं लागलंच तर त्याला तो आधी दाखवा.

आणि लाइट जाते म्हणून लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसवर लावायचं कुणी सुचवेल. लावू नका. कागदावर शाई भाजणारा भाग तापताना इतकी वीज ओढतो की यूपीएस मान टाकतो आणि सोबत कॉम्प्युटरही बंद पडतात. यूपीएसवर राउटर ठेवा.

प्रश्न : आमच्या शाळेत प्रिंटर लिपिकांच्या कॉम्प्युटरला यूएसबीनं जोडून बाकीच्यांना शेअर केलेला आहे. ते रजेवर असले की निकालपत्रकंही अडतात. त्यातच आता माझ्या कॉम्प्युटरवरून जोडताना ०x०००००११बी असा एरर येतो. एका शिक्षकांनी इंटरनेटवरून रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) बदल करायचा उपाय आणलाय. करू का?
— मुख्याध्यापिका, राजापूर

उत्तर : बाई, तो उपाय चालतो, पण करू नका. २०२१ च्या जुलैत विंडोजच्या छपाई व्यवस्थेत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावानं गाजलेलं मोठं भगदाड उघडकीस आलं. त्यानंतरच्या महिन्यांत मायक्रोसॉफ्टनं छपाईची ही बाजू एकामागून एक अपडेटनं घट्ट केली. त्यातल्या सप्टेंबरच्या अपडेटनंतर शेअर केलेल्या प्रिंटरवर हा एरर दिसू लागला, मुख्यतः एक कॉम्प्युटर अपडेट झालेला आणि दुसरा मागं राहिलेला असेल तिथं. तुमच्या सहकाऱ्यांनी आणलेला बदल ते नवं कुलूप काढून ठेवतो. आधी दोन्ही कॉम्प्युटर पूर्ण अपडेट करून बघा, पुष्कळदा तेवढ्यानंच भागतं.

पण खरं म्हणजे प्रिंटरची पाठ बघा. टेलिफोनच्या खाचेहून जरा रुंद, चौकोनी खाच आहे का? असेल तर लॅन केबल घेऊन थेट राउटरला किंवा स्विचला जोडा आणि वर विट्याच्या पत्राला सांगितलं तसा ठरलेला पत्ता द्या. फक्त मॅक ॲड्रेस केबलचा घ्या. मग लिपिकांची रजा आणि निकालपत्रकं यांचा संबंध राहणार नाही. शाळांमध्ये ही खाच धूळ खात पडलेली असते, कारण विकणाऱ्यानं यूएसबी लावून दिली आणि पुन्हा मागं कुणी बघितलंच नाही.

प्रश्न : वापरलेलं, नूतनीकरण केलेलं मोठं झेरॉक्स-कम-प्रिंटर मशीन घेतलं. छपाई झकास, पण स्कॅन केलेलं जीमेलवरून पाठवत नाही. पासवर्ड दहा वेळा तपासला. स्कॅन कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्येही जात नाही.
— करसल्लागार, डोंबिवली

उत्तर : पासवर्ड बरोबर आहे म्हणूनच जात नाही. ३० मे २०२२ पासून गूगलनं नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर अशा यंत्रांना आत घेणं थांबवायला सुरुवात केली. खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, मग ‘ॲप पासवर्ड’ तयार करा. सोळा अक्षरं येतील, ती मशीनमध्ये पासवर्डच्या जागी टाका. सर्व्हर एसएमटीपी.जीमेल.कॉम (अर्थात इंग्रजीत), पोर्ट ५८७, सुरक्षा टीएलएस. तरीही नाही गेलं तर दोन जागा बघा. एक, डीएनएस : तो रिकामा असेल तर मशीनला जीमेलचा सर्व्हर कुठं आहे हेच कळत नाही, छपाई मात्र बिनतक्रार होत राहते. दुसरी, मशीनचं घड्याळ. जुन्या मशीनमधला सेल संपून तारीख मागं गेलेली असते आणि मग सर्व्हरचं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं.

फोल्डरचं कारण निराळं. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवायची विंडोजची भाषा म्हणजे एसएमबी. जुनी मशीन्स तिची पहिली आवृत्तीच बोलतात आणि २०१७ च्या शरदातल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून ती नव्यानं टाकलेल्या विंडोजमध्ये मुळात नसते. ती पुन्हा चालू करायची सोय आहे, पण त्याच वर्षी मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस त्याच वाटेनं जगभरच्या कॉम्प्युटरमध्ये घुसला होता. तुमच्याकडं अशिलांचे पॅन, आधार, बँकेची विवरणपत्रं. नकोच. मशीनच्या फर्मवेअरला (आतल्या सॉफ्टवेअरला) नवी आवृत्ती मिळते का ते विक्रेत्याला विचारा, नसेल तर मेल किंवा पेन ड्राइव्हवर भागवा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. मशीनचं ॲड्रेस बुक उघडा. आधीच्या ऑफिसचे मेल पत्ते तिथं तसेच असतील आणि हार्ड डिस्क असेल तर त्यांचे जुने स्कॅनही. सगळं पुसून घ्या, ॲडमिनचा पासवर्ड बदला. बाहेरून छापता यावं म्हणून राउटरमध्ये ९१०० चं दार कुणी उघडून दिलं असेल तर ते बंद करा. २०१८ च्या अखेरीस एका हॅकरनं अशीच उघडी दारं शोधून जगभरच्या हजारो प्रिंटरवर एका यूट्यूबरची जाहिरात छापली होती. त्यानं जाहिरातच छापली हे लोकांचं नशीब.

प्रश्न : नव्या प्रिंटरला ऑफिसचं वायफाय दिसतच नाही, मोबाइलला दिसतं.
— वाचक, म्हापसा

उत्तर : बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात आणि तुमचं बहुधा ५ चं आहे. राउटरमध्ये २.४ चं चालू करा. मात्र त्याला ‘गेस्ट’ नेटवर्क देऊ नका, नाहीतर प्रिंटर वायफायला लागेल आणि कॉम्प्युटरला तरीही सापडणार नाही.