हुकूमशहाच्या व्यक्तिपूजेपुढे शहाणी माणसंही मान का तुकवतात?

तुम्ही विचारलंय की हुकूमशहाच्या तसबिरीपुढे वाकणारे, त्याच्या नावाने गळा काढणारे लोक खरोखर भारावलेले असतात की जिवाच्या भीतीने नाटक करत असतात. माझ्या मते बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही थोडंथोडं खरं असतं, आणि राजवटीला त्यातलं काय किती याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. तुमचा हात वर गेलेला शेजाऱ्याला दिसला, की तिचं काम झालं. हे कसं चालतं ते एका आंब्यावरून सांगतो.

१९६८ च्या ऑगस्टमध्ये पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री मियाँ अर्शद हुसेन यांनी चीनचा सर्वेसर्वा माओ याला सुमारे चाळीस आंब्यांची पेटी भेट दिली. माओने ते आंबे चिंगह्वा विद्यापीठात पाठवलेल्या कामगारांच्या पथकाला देऊन टाकले. आपसात भाले घेऊन लढणाऱ्या रेड गार्ड, म्हणजे माओच्याच कट्टर समर्थक, विद्यार्थ्यांना आवरायचं काम या पथकाकडे होतं. उत्तर चीनमध्ये तेव्हा बहुतेकांनी आंबा पाहिलेलाही नव्हता. बीजिंगच्या मोठ्या कारखान्यांना एकेक आंबा पोचता झाला. एका कापड कारखान्यात आंब्यावर मेणाचा थर चढवून तो सभागृहात उंचावर ठेवला गेला आणि कामगार त्याच्यासमोरून वाकून जाऊ लागले. काही दिवसांत फळ सडायला लागलं. मग मेण काढलं, साल सोलली, गर मोठ्या भांड्यात पाणी घालून उकळला आणि प्रत्येकाला त्या पाण्याचा एकेक चमचा दिला. पुढे काचेच्या पेटीतले मेणाचे आंबे देशभर गेले.

आता त्या रांगेतल्या एका कामगाराचा हिशोब मांडा. चमचाभर पाणी पिण्यात त्याचं काहीच जात नाही. नाही म्हटलं तर मात्र सगळ्या कारखान्यासमोर त्याच्यावर शिक्का बसतो. पुढच्या माणसाच्या मनात काय चाललंय हे त्याला दिसत नाही, त्याचा गंभीर चेहरा तेवढा दिसतो. मागच्यालाही याचा चेहराच दिसतो. शंभर जण मनातून चक्रावलेले असले तरी प्रत्येकाला वाटतं की आपण एकटेच आहोत, बाकी नव्व्याण्णव भक्त आहेत. शिवाय यात निव्वळ बावळटपणाही नव्हता. त्या आंब्यात एक राजकीय बातमी होती: दोन वर्षं धुमाकूळ घालणाऱ्या विद्यार्थ्यांवरून नेत्याची मर्जी उडाली आणि ती आता कामगारांवर बसली आहे. कामगाराला त्याचा आनंद होणं अगदी साहजिक होतं. म्हणून 'खरं की नाटक' हा प्रश्न त्यालाच विचारला असता तरी सरळ उत्तर मिळालं नसतं.

असल्या पूजेत न बसणाऱ्याचं काय होई, तेही याच आंब्यावरून कळतं. एका छोट्या गावातल्या दंतवैद्याने मिरवणुकीतला आंबा पाहून म्हटलं, यात काय विशेष, रताळ्यासारखा तर दिसतो. त्याला प्रतिक्रांतिकारक ठरवून गावभर फिरवलं आणि ठार केलं.

लोक मला नेहमी विचारतात की हे सगळं इतकं हास्यास्पद का असतं, जरा पटेल असं काही का नाही सांगत? कारण पटण्यासारखी गोष्ट कोणीही कबूल करतो. 'हा गृहस्थ बरा कारभार करतो' असं म्हणणारा निष्ठावंत आहे की नुसता समाधानी, हे कळायला मार्ग नाही. धडधडीत अशक्य गोष्ट माणूस चारचौघांत म्हणतो तेव्हाच राजवटीला कळतं की हा आपल्या शब्दाबाहेर नाही. इराकमध्ये ऑक्टोबर २००२ च्या सार्वमतात १,१४,४५,६३८ मतदारांपैकी झाडून सगळ्यांनी सद्दामला मत दिल्याचं जाहीर झालं. आधीच्या, १९९५ च्या सार्वमतातला आकडा ९९.९६ टक्के होता. उरलेले शतांशही पुसून टाकले ते कोणाला पटावं म्हणून नव्हे. या आकड्यावर कोणी हसून दाखवत नाही, हे सगळ्यांना दिसावं एवढ्यासाठी. तुर्कमेनिस्तानात राष्ट्राध्यक्ष नियाझोवने २००२ मध्ये जानेवारीला स्वतःचं आणि एप्रिलला आईचं नाव दिलं. वाहन चालवण्याच्या परवान्यासाठीसुद्धा त्याच्या नावावरच्या ग्रंथाची परीक्षा द्यावी लागे. साधी तारीख लिहिताना हाताने वंदन घडतं. एखादा कारकून त्यावर विश्वास ठेवतो की नाही याने काय फरक पडणार?

यात लाजेचाही मोठा वाटा असतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. माणूस एकदा बोलून बसला की त्याचं तोंड बांधलं जातं. उद्या विरोधात जायचं तर कालचे आपलेच शब्द आडवे येतात. बेरिया हा सोव्हिएत गुप्त पोलिसांचा प्रमुख १९५३ मध्ये सत्तेवरून पडला, त्याला गोळी घातली गेली. तेव्हा मोठ्या सोव्हिएत विश्वकोशाच्या पाचव्या खंडात त्याच्यावर भलामोठा लेख आणि छायाचित्र होतं. वर्गणीदारांना टपालाने नवी पानं आली, त्यांत बेरिंग समुद्राची सविस्तर माहिती होती. सोबत सूचना: जुनी पानं कात्रीने किंवा दाढीच्या पात्याने कापून काढा, बांधणीलगत थोडी कड ठेवा आणि तिला नवी पानं चिकटवा. घरात, टेबलावर, दिव्याखाली बसून एखाद्या शिक्षकाने हे केलं असेल. पाहायला पोलीस नव्हता. पण पान कापून झाल्यावर इतिहासातल्या खोटेपणात त्याचाही हात लागला, आणि हे त्याला ठाऊक होतं.

आता ही यंत्रणा जुळते कशी. सगळं वरून हुकूम सोडून घडतं हा समज चुकीचा आहे. वरून इशारा येतो, बाकीची चढाओढ खालचे करतात. एका जिल्ह्याच्या सचिवाने नेत्याला 'महान' म्हटलं की शेजारच्या जिल्ह्याला 'महान' म्हणून भागत नाही, कारण तेवढंच म्हणणं आता थंडपणा ठरतं. स्तुतीचा भाव असा घसरत जातो आणि विशेषणं नोटांसारखी छापावी लागतात. रुमानियात चाउशेस्कू १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हा हातात राजदंड घेऊन मिरवला. चित्रकार साल्वादोर दाली याने राजदंडाबद्दल त्याचं अभिनंदन करणारी तार पाठवली, उघड टवाळी करणारी. कम्युनिस्ट पक्षाच्या 'स्किन्तेया' या मुखपत्राने ती गंभीरपणे छापली. माझा अंदाज असा की संपादकाला टवाळी कळली असती तरी पंचाईतच होती: 'ही स्तुती अतीच आहे' असं म्हणणार कोण?

नुसत्या मोठ्या सोहळ्यांवर हे टिकत नाही, रोजच्या बारीक कामांवर टिकतं. उत्तर कोरियात घराघरांत किम घराण्याच्या तसबिरी असतात. त्या भिंतीवर दुसरं काही लावायचं नाही, पुसायला वेगळं फडकं, आणि धूळ दिसली तर जाब. वीस ते चाळीस घरांचा एक गट, त्याची एक प्रमुख, बहुधा एखादी बाई. कोणाकडे पाहुणा राहिला, कोण कामाला गेलं नाही, हे तिला माहीत असावं लागतं. शिवाय आठवड्याला आत्मपरीक्षणाची बैठक: उभं राहून आधी स्वतःची चूक सांगायची आणि मग दुसऱ्या कोणाची तरी. तिथून निसटून आलेले लोक सांगतात की मित्र आधीच ठरवून ठेवतात, या आठवड्यात तू माझी बारीकशी चूक काढ, पुढच्या वेळी मी तुझी काढतो. यंत्रणेला त्याने धक्का बसत नाही. मैत्रीसुद्धा तिच्या वेळापत्रकात बसवावी लागली, एवढंच तिला पुरतं.

पण सगळं नाटकच असतं असंही म्हणू नका, तिथे फसगत होते. खरं प्रेमही असतं आणि त्याला कारणं असतात. पहिलं कारण अगदी रोकडं. १९३७–३८ मध्ये सोव्हिएत संघात सुमारे ६,८०,००० लोकांना गोळ्या घातल्याची नोंद तिथल्याच सरकारी दप्तरात आहे. त्यात अधिकारी, अभियंते, कारखान्यांचे संचालक पुष्कळ होते, म्हणजे तेवढ्या खुर्च्याही मोकळ्या झाल्या. १९३५ मध्ये कापड संस्थेतून पदवी घेऊन बाहेर पडलेला कोसिगिन १९३९ मध्ये वस्त्रोद्योगाचा कमिसार, म्हणजे मंत्री झाला. पुढे देशाचा प्रमुख झालेल्या ब्रेझनेव्हची बढतीही त्याच काळातली. कामगाराच्या पोराला तिशीत असं पद मिळालं तर त्याने स्टालिनचे आभार का मानू नयेत? खुर्ची मोकळी कशी झाली, याचा विचार करायची मुभा त्याला असते, गरज नसते.

दुसरं कारण म्हणजे 'साहेबांच्या कानावर गेलेलं नाही'. अन्याय करणारे खालचे, नेता मात्र भला, त्याला कळलं तर तो निस्तरेल. स्टालिनच्या रशियात हे होतं, हिटलरच्या जर्मनीतही 'फ्यूररला (नेत्याला, म्हणजे हिटलरला) हे कळलं असतं तर' हे बोलीभाषेतलं वाक्य होतं. वरवर भाबडं वाटतं, पण यात माणसाची सोय आहे. डोळ्यांसमोरचा अन्यायही मान्य करता येतो आणि राजवटीवरचा विश्वासही सोडावा लागत नाही. यातलं टोकाचं उदाहरण स्टालिनचा परराष्ट्रमंत्री मोलोतोव. त्याची बायको पोलिना झेमचुझिना हिला स्टालिनने अटक करवली, ती स्टालिन मेल्यावरच सुटली. मोलोतोव त्या सगळ्या काळात पक्षश्रेष्ठींत बसून होता, आणि ती स्वतः सुटून आल्यावरही मरेपर्यंत स्टालिनभक्तच राहिली. इतकं भोगल्यावर 'तो चुकीचा होता' म्हणणं म्हणजे अख्खं आयुष्य फुकट गेलं म्हणणं. ते फार थोड्यांना झेपतं.

तर मग ही इमारत कोसळते कशी? इथे मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅशचा १९५० च्या दशकातला प्रयोग आठवतो. खोलीतले बाकीचे सगळे सांगून ठेवलेले. ते रेषेच्या लांबीबद्दल धडधडीत चुकीचं उत्तर देतात आणि एकटा खरा उमेदवार त्यांच्यानंतर बोलतो. साधारण एक तृतीयांश वेळा तो बहुमताबरोबर चुकीचं बोलला. धमकी नाही, शिक्षा नाही, तरीही. मात्र एकच जोडीदार खरं बोलणारा ठेवला की हे प्रमाण पाच-सहा टक्क्यांवर आलं. सगळी मदार त्या एका माणसावर असते, म्हणूनच रताळं म्हणणारा दंतवैद्य इतका धोकादायक ठरतो.

२१ डिसेंबर १९८९ रोजी बुखारेस्टमध्ये असा एक माणूस नव्हे, एक आवाज पुरला. महिन्याभरापूर्वीच पक्षाच्या १४ व्या अधिवेशनाने चाउशेस्कूला टाळ्यांच्या गजरात एकमताने पुन्हा निवडलं होतं. तिमिशोआरा या शहरात निदर्शकांवर गोळीबार झाल्यावर त्याने नेहमीचा उपाय केला: कारखान्यांतून माणसं आणली, हातात फलक दिले, आपण मध्यवर्ती समितीच्या इमारतीच्या सज्जात उभा राहिला. दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण. पुढच्या रांगांत भरवशाचे लोक होते. काही मिनिटांतच मागून गलका, किंकाळ्या, हुर्यो. टाळी न वाजवणाऱ्याचा चेहरा शेजाऱ्याला दिसतो, पण गर्दीतली हुर्यो कोणाच्या नावावर नोंदवायची? चाउशेस्कू थबकला, हात वर केला, चेहरा गोंधळलेला. ध्वनिक्षेपकात "अलो, अलो", म्हणजे 'हॅलो, हॅलो', म्हणत राहिला. प्रक्षेपण मध्येच तोडलं, मग परत जोडलं. त्याने पगारवाढ जाहीर केली, त्यात शंभर-शंभर लेईचे (रुमानियाचं चलन) वायदे होते. आता उशीर झाला होता, कारण घरी बसलेल्या लाखोंनी तो चेहरा पाहिला होता, आणि आपण पाहिलं ते इतरांनीही पाहिलं हेही त्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तो त्याच इमारतीच्या गच्चीवरून हेलिकॉप्टरने पळाला, २५ तारखेला त्याला आणि बायकोला गोळ्या घातल्या.

म्हणून अशा देशातल्या रडण्याची किंवा टाळ्यांची एखादी चित्रफीत पाहून 'हे लोक खरंच मानतात' किंवा 'सगळे घाबरलेत' असा निकाल देऊ नका. चित्रफितीत कोण कोणाकडे पाहतंय तेवढं बघा. टाळी थांबवण्याआधी नजर शेजाऱ्याकडे जाते का, पहिला थांबणारा कोण, तो किती मोठ्या पदावरचा.

आणि नेता मेला म्हणजे हे संपतं असंही नाही. नियाझोव २००६ च्या डिसेंबरमध्ये वारला. २००८ मध्ये महिन्यांची जुनी नावं परत आली, तीही नव्या अध्यक्षाच्या हुकमाने. हा बेर्दिमुहामेदोव पूर्वी नियाझोवचा दंतवैद्य होता, मग आरोग्यमंत्री. २०१५ मध्ये अश्गाबादेत पांढऱ्या संगमरवरी कड्यावर घोड्यावर बसलेला सोनेरी पुतळा उभा राहिला, तो या दंतवैद्याचा.