पाचट पेटवलं तर काय बिघडतं? खोडवा ठेवणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तर

तोडणी सुरू झाली की पाचट (उसाची वाळलेली पानं) आणि खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून, म्हणजे जमिनीत राहिलेल्या खुंटांतून, पुन्हा फुटणारं पीक) यांवरून ऊसपट्ट्यातून दोन प्रश्न हमखास येतात. "उन्हाळा दरवर्षी कडक होतोय, त्याचा आमच्या पाचट जाळण्याशी काय संबंध?" आणि "पाचट ठेवलं तर खोडवा पिवळा पडतो, मग काय करायचं?"

पहिल्या प्रश्नात थोडं तथ्य आहे. पाचट जळताना निघणारा कार्बन डायऑक्साईड उसाने त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो. पण अर्धवट जळणातून मिथेन, नायट्रस ऑक्साईड आणि काजळीही बाहेर पडते, ती मात्र हवेत नवी भर. नायट्रस ऑक्साईडची उष्णता धरून ठेवण्याची ताकद शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे 273 पट आहे, आणि जमिनीवर फेकलेल्या जादा युरियातूनही हाच वायू निघतो. शिवाय नुकसान आपल्याच रानाचं. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं, त्यात साधारण 40 ते 50 किलो नत्र (नायट्रोजन) असतं. काडी लावली की त्यातलं बहुतेक नत्र आणि सगळा सेंद्रिय कर्ब (कार्बन) धुरात जातो, राखेत उरतं ते मुख्यतः पालाश (पोटॅश). उघडी पडलेली जमीन मार्च-एप्रिलच्या उन्हात तापते, पाण्याची पाळी लवकर येते. विहिरीचं पाणी तेव्हाच खाली गेलेलं असतं.

आता पिवळेपणाचं. त्याची कारणं दोन. पाचट बुडख्यावरच पडून राहिलं तर कोंबाला ऊन मिळत नाही. आणि पाचटात कर्ब भरपूर, नत्र अगदी कमी. ते कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र स्वतःसाठी उचलतात, पीक उपाशी राहतं. दोष पाचटाचा नाही, मांडणीचा आहे.

तोडणी झाल्यावर आठवडाभरात बुडख्यावरचं पाचट ओढून सरीत दाबा. उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. वरच्या डोळ्यांतून फुटलेल्या कोंबांची मुळं उथळ राहतात, पहिल्याच वाऱ्यात ते लोळतात. छाटलेल्या भागावर 10 लिटर पाण्यात 10 ग्रॅम कार्बेन्डाझिम मिसळून फवारा. मग सरीतल्या पाचटावर एकरी 32 किलो युरिया आणि 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाका, 4 किलो पाचट कुजवणारे जिवाणू चाळलेल्या शेणखतात मिसळून पसरा आणि लगेच पाणी द्या. कोरड्या पाचटावर युरिया तसाच पडून राहिला तर अमोनिया होऊन उडतो. पैसे गेले आणि पाचटही कुजलं नाही. पहिलं पाणी सरीतून पुढे सरकायला फार वेळ घेतं. घाबरून पाचट उपसू नका, पाचट दबलं की पुढच्या पाळ्या सोप्या जातात.

हा युरिया जिवाणूंसाठी. पिकाचं खत वेगळं. खोडव्याला हेक्टरी 250 किलो नत्र, 115 स्फुरद (फॉस्फरस), 115 पालाश, दोन समान हप्त्यांत. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची पहारीची पद्धत इथे कामाला येते. वाफशावर (जमिनीत ओल आहे पण चिखल नाही अशा वेळी), बुडख्यापासून 10 ते 15 सें.मी. अंतरावर, 15 ते 20 सें.मी. खोल छिद्र, दोन छिद्रांत 30 सें.मी.; खत टाकून छिद्र मातीने बुजवा. पहिला हप्ता तोडणीनंतर 15 दिवसांत, दुसरा 135 दिवसांनी सरीच्या दुसऱ्या बाजूला. पहिल्या हप्त्याला एकरी युरिया साधारण 109 किलो लागतो. मजुरी जास्त पडते हे खरं, पण खत मुळाशी जातं, हवेत नाही. नांग्या (कोंब न फुटलेल्या मोकळ्या जागा) रोपांनीच भरा, उसाची कांडी लावली तर ती मागे पडते.

खोलगट काळ्या रानात पावसाळ्यात पाणी तुंबलं तर तेच पाचट हवेविना सडून मिथेन सोडतं आणि मुळंही गुदमरतात. तिथे पावसाआधी चर काढा. शेजारचा पेटवणारा असेल तर बांधालगतचा पट्टा मोकळा ठेवा.

15 फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा, तसंच हुमणी (मुळं खाणारी अळी), काणी (बुरशीचा रोग) किंवा गवताळ वाढ (गवतासारखे बारीक कोंब फुटण्याचा रोग) जास्त असलेल्या रानाचा खोडवा ठेवू नका. तिथे वरचा सगळा खर्च वाया जातो.