जय भीम आणि नमस्कार

प्रिय यशू,

शाळेत मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण ऐकून आलीस आणि जेवताना विचारलंस, "आई, आजोबांशी फोनवर तू जय भीम म्हणतेस. मग मंडळाच्या गणपतीत कुणी मोठं भेटलं की मला हळूच 'नमस्कार म्हण' का सांगतेस?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. प्रश्न लागला, म्हणून लिहितेय.

आमच्या नागपूरच्या इंदोरा वस्तीत दिवस जय भीमनंच उजाडायचा. आजोबा सायकल काढायचे. पानठेल्यावरचे काका, नळावरच्या बाया, रात्रपाळी करून मिलमधून परतणारे शेजारी, सगळ्यांसाठी त्यांचा हात हँडल सोडून वर जायचा. तेरा एप्रिलच्या रात्री तर शीलामावशी आणि मी झोपायचोच नाही. बाराला फटाके, मग निळे झेंडे घेऊन मिरवणूक. तुला हे कितीदा सांगितलंय, तरी सांगताना मला थांबवत नाही.

सातवीत मला गावातल्या मोठ्या शाळेत घातलं. आजोबांनी फाटकावर शिपाईकाकांना खणखणीत जय भीम केला. दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यातली भाजी कुणी उचलेना. बोललं कुणीच नाही. मी आजोबांना म्हटलं, मला चौकातच सोडत जा. त्यांनी कारण विचारलं नाही. चौकात सोडू लागले, आणि चौकातही जय भीम करत राहिले.

इथल्या मंडळातले लोक तसे नाहीत. बहुतेक नाहीत. पण आडनावावरून अंदाज बांधायच्या आधी त्यांनी तुझं लेझीम बघावं, असं मला वाटतं. यात माझी भीती किती आणि तुझी काळजी किती, ते मलाच वेगळं करता येत नाही.

तू ऐकलंस ते भाषण झालं तेव्हा, २८ ऑगस्ट १९६३ ला, वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकासमोर अडीच लाख माणसं जमली होती. तुमच्या वर्गात 'माझं एक स्वप्न आहे' हा भाग ऐकवला. मला त्याआधीचा भाग जास्त भिडतो. किंग म्हणतात, देशानं कृष्णवर्णीयांना दिलेला चेक न वटता परत आला, आणि आम्ही तो वटवायला आलोय. मोर्चाही नोकऱ्या आणि स्वातंत्र्य यांसाठीच होता. माणसाला कातडीच्या रंगावरून नव्हे, चारित्र्यावरून जोखावं, हे ते त्यानंतर म्हणाले. त्या लोकांना रंग झाकायची सोय नव्हती. आपल्याला आहे, एक नमस्कार केला की झालं. ही सोय मी तुझ्या हाती द्यावी का, हेच मला कळत नाही.

आणखी एक. १९५९ मध्ये किंग भारतात आले, तेव्हा केरळातल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतला अस्पृश्य अशी करून दिली. आधी त्यांना धक्का बसला, रागही आला. मग आपल्या माणसांची गरिबी, कोंडलेल्या वस्त्या आठवल्या आणि मनात म्हणाले, हो, मी अस्पृश्य आहे. १९६५ मध्ये त्यांनीच हे अटलांटातल्या आपल्या चर्चमध्ये सांगितलं. एवढ्या मोठ्या माणसालाही ते म्हणायला क्षणभर लागलाच ना?

तू जय भीमच म्हण, असाही माझा आग्रह नाही. पाडव्याच्या कार्यक्रमात तुला जे म्हणावंसं वाटेल ते म्हण, मी मध्ये बोलणार नाही. तुझ्या बाबाचं मत वेगळं आहे. तो म्हणतो, हे ओझं पोरीवर का, सुरुवात आपण दोघांनी करायला हवी. त्याच्याशीही बोल.

तुझी,
आई