वाचकांचे प्रश्न : उंदराच्या मेंदूत नेमकी जागा कशी गाठावी?

प्रश्न : आम्ही उंदरांच्या डॉर्सल सीए१ मध्ये (हिप्पोकॅम्पसच्या वरच्या भागातला एक पट्टा) सुईने व्हायरस सोडतो. ए-पी (पुढे-मागे) −2.0, एम-एल (मध्यरेषेपासून बाजूला) 1.5, डी-व्ही (खोली) −1.5 मिमी हे आकडे ठरलेले आहेत. तरी काही उंदरांत व्हायरसने उमटवलेला रंग वर कॉर्टेक्समध्ये दिसतो, काहींत खाली डेंटेट जायरसमध्ये (हिप्पोकॅम्पसचाच खालचा भाग). आकडे बदलावेत का?
– संशोधक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : इतक्यात बदलू नका. एकाच आकड्यावर काही उंदरांत सुई वर आणि काहींत खाली राहते, म्हणजे दोष आकड्यात नसून कवटीच्या ठेवणीत किंवा शून्य धरण्यात आहे. पॅक्सिनॉस-फ्रँकलिनच्या ॲटलासमधले (उंदराच्या मेंदूच्या नकाशांच्या पुस्तकातले) आकडे प्रौढ, नर, सी57बीएल/6जे या जातीच्या उंदराचे आहेत. तेही कवटी सपाट असताना, म्हणजे ब्रेग्मा आणि लॅम्डा (कवटीच्या मध्यशिवणीला पुढची आणि मागची आडवी शिवण जिथे मिळते ते दोन बिंदू) एकाच उंचीवर असतानाचे. ए-पी आकडेही ब्रेग्मापासूनच मोजतात.

या दोन बिंदूंतले अंतर साधारण 4.2 मिमी असते. समजा लॅम्डा 0.3 मिमीने खाली राहिला. मग ए-पी −2.0 वर मेंदू सुमारे 0.14 मिमी खाली गेलेला असतो आणि सुई तेवढीच उथळ राहते. लॅम्डा वर असेल तर उलट होते, सुई डेंटेटकडे सरकते. सीए१ चा पेशींचा थर इतका पातळ आहे की एवढा फरक तिथे पुरेसा होतो. दोन्ही बिंदूंच्या उंचीतला फरक 0.05 मिमीच्या आत आणा. नंतर मध्यरेषेपासून डावीकडे आणि उजवीकडे 2 मिमीवर कवटीची उंची मोजा. तीही तितकीच जुळली पाहिजे. ही दुसरी तपासणी बहुतेक जण टाळतात. जुळत नसेल तर इअर बार (डोके पकडणाऱ्या फ्रेमच्या कानांत बसणाऱ्या दांड्या) काढून पुन्हा बसवा. नीट बसलेले डोके बोटाने हलके दाबले तरी बाजूला सरकत नाही.

दुसरी शंका शून्याची. −1.5 हा आकडा ब्रेग्माच्या उंचीपासूनचा आहे. गटातल्या कुणी तो ड्युरापासून (कवटीखालच्या, मेंदूवरच्या आवरणापासून) मोजत असेल, तर कवटीच्या जाडीइतकी सुई आणखी खोल जाते. वहीत फक्त ‘डी-व्ही 1.5’ न लिहिता ‘ब्रेग्मापासून’ की ‘ड्युरापासून’ हेही लिहा. शिवणी एका टोकदार बिंदूत क्वचितच मिळतात. कोरोनल (पुढची आडवी) शिवण वाकडीतिकडी असते, म्हणून तिला सर्वांत जवळून जाणारी वक्ररेषा मनात धरा. ती मध्यशिवणीला जिथे छेदते तो ब्रेग्मा. दोन जणांनी स्वतंत्रपणे टोक टेकवून आकडे ताडून पाहावेत.

कॉर्टेक्समधला रंग मात्र नीट पाहा. सीए१ मध्येही रंग आहे आणि वर फक्त सुईच्या वाटेवर पट्टा आहे, तर द्रव वाटेने परत वर आला आहे. त्यावर उपाय म्हणजे वेग मिनिटाला 50 ते 100 नॅनोलिटर ठेवणे आणि सोडून झाल्यावर सुई 5 ते 10 मिनिटे जागीच राहू देणे. सीए१ मध्ये रंगच नसेल तरच सुई उथळ राहिली असे समजा.

उंदीर लहान असेल आणि ब्रेग्मा-लॅम्डा अंतर 3.9 मिमी भरले, तर ए-पी आकड्याला 3.9/4.2 ने गुणा, −2.0 चे −1.86 होते. हा त्रैराशिकाचा हिशोब खोल केंद्रांसाठी भरवशाचा नाही. तिथे नुकत्याच मारलेल्या उंदरात आधी रंग सोडून जागा पाहा, आणि हा भाग संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या अर्जात आधीच नोंदवा.

प्रश्न : प्रीलिंबिक भाग (कॉर्टेक्सच्या पुढच्या टोकाकडचा) मध्यरेषेला खेटून आहे. सरळ उतरल्यास वरच्या मोठ्या शिरेला धक्का लागतो. 10 अंश तिरके गेल्यास आकडे कसे काढावेत?

उत्तर : लक्ष्य ए-पी +1.9, एम-एल 0.3, डी-व्ही −2.3 धरू. बाजूचे अंतर 2.3 × टॅन 10° म्हणजे 0.41 वाढते, म्हणून प्रवेश 0.71 वर. वाटेची लांबी 2.3 भागिले कोसाइन 10°, म्हणजे 2.34 मिमी. ही खोली ब्रेग्माच्या पातळीपासूनची आहे; पुढच्या बाजूला कवटी उतरती असल्याने तिथल्या पृष्ठभागावर शून्य धरले तर सुई जास्त खोल जाईल. सुई धरणारा फ्रेमचा हात तिरका केल्यावर टोक जागचे हलते, म्हणून ब्रेग्मावर पुन्हा शून्य घ्या. तुमच्या फ्रेममध्ये एम-एल अक्षही हातासोबत तिरका होतो का, ते आधी पाहा. होत असेल तर वरचा हिशोब जसाच्या तसा लागू पडत नाही.

प्रश्न : ॲलन संस्थेच्या उंदराच्या मेंदूच्या नकाशातले आकडे फ्रेमवर का चालत नाहीत?

उत्तर : कारण तो नकाशा कवटीतून काढलेल्या मेंदूंचा आहे. 1675 तरुण सी57बीएल/6जे उंदरांच्या मेंदूंची सरासरी काढून तो बांधला, 10 मायक्रॉनच्या जाळीवर. त्यात कवटी नाही, म्हणून ब्रेग्माही नाही. लोक वापरतात ती जागा अंदाजाने ठरवलेली असते. शिवाय हा सरासरी मेंदू सपाट कवटीच्या तुलनेत थोडा कललेला आणि उंचीला किंचित ताणलेला आहे. सुई उतरवायला पॅक्सिनॉस-फ्रँकलिन आणि कापलेला मेंदू ओळखायला ॲलन, अशी वाटणी आम्हाला सोयीची वाटते.

प्रश्न : सेक्शन (मेंदूचा पातळ काप) कुठल्या पातळीचे आहे हे ओळखताना गोंधळ होतो. डावी बाजू ॲटलासच्या एका पानाशी जुळते, उजवी दुसऱ्याशी.

उत्तर : कापताना मेंदू ब्लॉकवर तिरका चिकटला आहे. अशा सेक्शनला एकच ए-पी आकडा देऊ नका. वरचा भाग एका पानाशी आणि तळ दुसऱ्याशी जुळत असेल, तर काप पुढे-मागे कललेला आहे.

आधी ठळक खुणा धरा. कॉर्पस कॅलोसमचे (मेंदूचे दोन गोलार्ध जोडणाऱ्या तंतूंच्या जाड पट्ट्याचे) दोन अर्ध साधारण +1.1 जवळ मध्यरेषेवर जुळतात, अँटीरियर कमिशर (तसाच एक छोटा पट्टा) ब्रेग्माच्या आसपास मध्यरेषा ओलांडते, डॉर्सल हिप्पोकॅम्पस −1 च्या सुमारास दिसू लागतो. बीएएलबी/सी जातीत मात्र कॉर्पस कॅलोसमवर विसंबू नका. या जातीतल्या काही उंदरांत तो अपुरा असतो.

40 मायक्रॉनच्या सेक्शनवर डॅपी (पेशींची केंद्रके रंगवणारे द्रव्य) लावले की थर उठून दिसतात. क्विकनीआय या संगणक प्रणालीत ॲलनच्या नकाशाचे प्रतल हवे तसे कलवून काप बसवता येतो, उरलेली ओढाताण व्हिज्युअलाइनमध्ये दुरुस्त होते. डीपस्लाइस ही प्रणाली सुरुवातीचा अंदाज आपोआप देते. फाटलेल्या किंवा अर्ध्या सेक्शनवर तो अंदाज डोळे झाकून घेऊ नका. सेक्शनची मालिका सलग ठेवा, मेंदूच्या एका बाजूला बारीक खाच करा. नाहीतर स्लाइडवर काप उलटा पडला की डावे-उजवे कळत नाही. इलेक्ट्रोड असेल तर आत घालण्यापूर्वी त्याला डीआयआय (चमकणारा रंग) लावा, म्हणजे वाट लाल दिसते. ती वाट सलग अनेक सेक्शनमध्ये पाहून टोकाचा काप शोधा. 4 टक्के पॅराफॉर्मॅल्डिहाइड आणि सुक्रोजमधून गेलेला मेंदू मूळ आकाराचा राहत नाही, म्हणून स्लाइडवर मोजपट्टीने मोजलेले मिलिमीटर थेट फ्रेमच्या आकड्यांशी ताडू नका. टोक कुठल्या थरात आहे, ते लिहा.