आधी कपाट रिकामं करा

सोलापूरहून एका टॉवेल कारखानदारांचं पत्र आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमाग, ४० कामगार, दर शनिवारी २ लाखांचा रोख पगार. शेजारच्या गल्लीत घरफोडी झाली म्हणून त्यांनी रिव्हॉल्व्हरचा परवाना काढला. विचारतात: .३२ ची कोणती काडतुसं घ्यावीत, परवान्यावरची सगळी एकदम घ्यावीत की थोडी थोडी, आणि या सगळ्याच्या दीड लाखासाठी आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढावं का?

काडतुसांचं लवकर उरकतो. ९ एमएम हा प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) आहे, त्यामुळे तुमच्यासाठी .३२ च, आणि त्यात निवडीला फारसा वाव नाही. परवानाधारक दुकानातून घ्या, परवान्यावर नोंद करून घ्या. घरात जी ठेवणार, त्याच काडतुसांनी सराव करा. म्हणून एकदम साठा नको. आधी प्रशिक्षकाकडे थोडी वापरून बघा. तुमचा मुलगा १४ वर्षांचा आहे, तेव्हा शस्त्र आणि काडतुसं दोन वेगळ्या कुलपांत. पेठेत घराला घर लागून असतं, चुकलेली गोळी शेजाऱ्याच्या खोलीत जाते. आणि पिशवी घेऊन पाठमोरा पळणाऱ्या चोरावर गोळी झाडलीत तर कायदा स्वसंरक्षण मानेलच असं नाही. आरोपी तुम्ही व्हाल.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते. पत्रात एक वाक्य सहज येऊन जातं: "घरात अडीअडचणीला ७ लाख असतात." त्याखाली दोन ओळींवर बँकेचं २८ लाखांचं कॅश क्रेडिट, व्याज ११ टक्के. अहो, हे ७ लाख त्या खात्यात भरले तर वर्षाला ७७ हजार व्याज वाचतं! लागतील तेव्हा मर्यादेत परत काढता येतात, कॅश क्रेडिट त्यासाठीच असतं. म्हणजे कपाटात पैसे ठेवण्याचं ७७ हजार भाडं तुम्ही दरवर्षी भरता, आणि त्या कपाटाच्या राखणीला आणखी दीड लाख घालायला निघालात. पगार कामगारांच्या खात्यात जमा करा. एकाला एका दिवशी १० हजारांहून जास्त रोख दिली तर तो खर्च आयकरात धरत नाहीत, हेही सीएंना विचारून घ्या. थोडी रोकड न्यावीच लागली तर तिचा वाहतुकीतला विमा मिळतो, दुकान-कारखान्याचा घरफोडी विमाही मिळतो.

मग ती पॉलिसी. हप्ता ९६ हजार, १५ वर्षं, शेवटी २० लाख. एजंटने "दामदुप्पट" म्हणून गळ्यात मारली. तुम्ही भरणार १४ लाख ४० हजार. १४ चे २० म्हणजे दुप्पट कुठून? हिशेब केला तर परतावा जेमतेम ४ टक्के पडतो. तुम्ही कर्ज ११ टक्क्यांनी घेता आणि बचत ४ टक्क्यांनी करता. आता त्याच पॉलिसीवर आणखी कर्ज? नको.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. या पॉलिसीचं जीवन विमा कवच ९ लाख ६० हजार, तुमच्यावर कर्ज २८ लाख, आणि त्याला तुमची वैयक्तिक हमी. चोर येईल की नाही कोण जाणे. पण ४२ व्या वर्षी तुम्हाला काही झालं तर बँक वहिनींच्या दारात नक्की येईल, आणि तिथे रिव्हॉल्व्हर काय करणार? १ कोटीचा निव्वळ मुदत विमा (टर्म इन्शुरन्स, मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) तुमच्या वयाच्या, तंबाखू न घेणाऱ्या माणसाला वर्षाला साधारण २० ते २५ हजारांत मिळतो. २०२५ च्या सप्टेंबरपासून त्यावर जीएसटीही नाही. पत्रात तुम्ही तंबाखूबद्दल काही लिहिलेलं नाही. अर्जात मात्र खरं लिहा, नाहीतर दावा नाकारतात.

क्रम असा ठेवा: या आठवड्यात रोकड बँकेत. मुदत विम्याचा अर्ज लगेच, आणि ती पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनीला हात लावू नका. दरम्यान विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी मोडली, तर किती, आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर मुदतीला किती. चार हप्ते भरून झालेत, पाचवा मार्चमध्ये आहे. आकडे आले की तो भरण्याआधी मला पाठवा.