एका ओढ्याची तीन नावं

प्रश्न : आमच्या शेताकडेने वाहणाऱ्या ओढ्याला वरच्या अंगाला ‘वडाचा ओढा’ म्हणतात, खाली रस्त्यापाशी ‘मोरीचा नाला’. नकाशात तिसरंच नाव छापलंय. खरं कोणतं? शिवाय वर दोन ओहोळ मिळून हा ओढा होतो, मग उगम कोणत्या ओहोळाचा धरायचा?

उत्तर : तुमची तिन्ही नावं खरी असू शकतात. मोजणीच्या कामात मी असे बरेच ओढे पायी पालथे घातले. माणसं ओढ्याला सबंध पाहत नाहीत. जिथे गुरं पाण्यावर नेतात किंवा पलीकडे उतरतात, तेवढ्याच तुकड्याला नाव देतात. नकाशावाल्याला मात्र एका रेघेवर एकच नाव बसवायचं असतं, आणि त्या दिवशी जो भेटला त्याचं नाव छापलं जातं. १:५०,००० नकाशावर, म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर जिथे एका सेंटिमीटरात बसतात तिथे, तीन मीटर रुंदीचा ओढा जेमतेम ०.०६ मिलिमीटर भरतो, म्हणून रेघही खुणेपुरती जाड काढलेली असते.

एकदा एका आजींनी मला असाच ‘वडाचा ओढा’ सांगितला. आसपास वड कुठेच दिसेना. त्यांनी काठाची माती हाताने खरवडून दाखवली. आत मनगटाएवढी जुनी मुळं होती, दरड अजून त्यांनीच धरून ठेवली होती. झाड गेलं होतं, नाव राहिलं होतं. म्हणून कागदावर नाही एवढ्यावरून कुणी असं नाव खोडलं, की मला फार वाईट वाटतं. १९६७ साली जिनिव्हात भौगोलिक नावांच्या प्रमाणीकरणावर संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद झाली. नावं जागेवर जाऊन, तिथल्या माणसांकडून गोळा करावीत, हा आग्रह तिथेही होताच.

उगमासाठी सहसा लांब ओहोळ धरतात. नकाशात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, ओढा ओलांडताना टोकदार वळतात आणि ते टोक चढाकडे असतं. त्या टोकांमागून वर जा, दोन्ही ओहोळांची लांबी दोऱ्याने मोजता येईल. नाव मात्र लांबीला बांधलेलं नसतं. अमेरिकेतली मिसुरी नदी मिसिसिपीहून लांब आहे, तरी संगमाखाली नाव मिसिसिपीचंच चालतं.

तुम्ही दोन्ही बोलती नावं वहीत उतरवा, छापील नावही शेजारी असू द्या. गावातल्या जाणत्या माणसाला सोबत घेऊन एकदा काठाने चाला आणि वडाचं नाव संपून मोरीचं नेमकं कुठे सुरू होतं, ती जागा नकाशावर पेन्सिलीने टिपून ठेवा.